रंजिता कुणाकडून खेळणार?

पनवेल, १० ऑगस्ट २०२५

नोगा,

पत्ता हासाजीकाकांनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, सारखी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे दिला. "तुझा फोन ती उचलायची नाही," म्हणाले, "पण माझी पुतणी आहे, पाकीट आलं तर उघडल्याशिवाय राहायची नाही." म्हणून हे पाकीट. तिकडच्या बातम्या लागल्या की मी टीव्ही बंद करते आणि पाच मिनिटांनी परत लावते. काका सांगतात तू बरी आहेस. तेवढ्यावर भागवते.

इस्रायलला, अश्दोदला जाण्याआधीच्या रविवारी तू सगळ्या टीमसमोर मला म्हणालीस, "अनुया, तू पोरी घडवत नाहीस, साठवतेस." मग पोरींकडे वळून, "हिलसाइडने बोलावलं तर बिनधास्त जा गं." मुलींचा हा फुटबॉल क्लब आपण दोघींनी काढला होता, आणि निघताना तू असं बोलून गेलीस. त्यावर मला आज काही म्हणायचं नाही. मी कामासाठी लिहितेय.

आशालताबाई अजून क्लबच्या अध्यक्ष आहेत. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, तरी आवाज तोच. त्यांनी मला एक टिपण लिहायला सांगितलंय. खेळाडू घेण्या-सोडण्यात आपल्या गाढी स्पोर्टिंगचं धोरण काय, खारघरच्या हिलसाइडचं काय, आणि जिल्ह्याची फायनल आपण लागोपाठ त्यांच्याकडूनच का हरतो. "दोन रकाने कर. डावीकडे आपण, उजवीकडे ते. स्पॉन्सरला दाखवायचंय."

उजवा रकाना एका दमात भरला. खेळाडू बदलायची मुदत, ती ट्रान्सफर विंडो, उघडली की हिलसाइड अर्धी टीम बदलतं. या वर्षी मणिपूरहून दोघी आणल्या, गोव्याहून एक, झारखंडहून दोघी. सगळ्या तयार, कुणाला काही शिकवायची गरज नाही. बेलपाड्यात फ्लॅट भाड्याने घेतलाय, सगळ्या तिथे राहतात. जी चालली नाही ती पुढच्या विंडोला परत.

डावा रकाना मात्र भरत नाही. आपण कुणाला आणलं नाही, कुणाला सोडलं नाही. पनवेल, आपटा, आसपासची गावं. पायात चप्पल घालून आलेल्या पोरी आणि त्यांना बॉल थांबवायला शिकवण्यात गेलेलं अख्खं वर्ष. हे धोरण आहे का गं? मी लिहिते, खोडते, उठून गॅलरीत जाते. "आमची माती, आमच्या मुली" असं लिहिलं होतं. वाचून मलाच लाज वाटली. निवडणुकीचं पोस्टर वाटत होतं.

आणि आता हिलसाइडला रंजिता हवी आहे.

आठवते ना, आपट्याची? तू गेलीस तेव्हा नुकती मिडफिल्डला आली होती, बॉल मिळाला की घाबरून लगेच देऊन टाकायची. आता एकोणीसची आहे. आता बॉल पायाशी ठेवते, मान वर करते, सगळं ग्राउंड बघते आणि मग देते. अवधूतचा फोन आला होता. हिलसाइडचा कोच आणि मॅनेजर दोन्ही तोच. खारघरच्या कॉलेजात स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश, राहणं, फिजिओ, सगळं देतो म्हणाला. फक्त आपलं ना-हरकत हवं.

मी नाही म्हणून कळवलं. फायनल कुणाच्या जिवावर खेळायची?

टिपणाचं काय करू ते सांग. असल्या गोष्टी तुला जमायच्या.

अनुया

पनवेल, २४ ऑगस्ट

नोगा,

पत्र पोचलं, काकांकडून कळलं. उत्तर नाही. पण शुक्रवारी फोनवर तू त्यांना एकच विचारलंस म्हणे, "ती पोरगी काय म्हणाली?"

काही म्हणाली नाही. मी विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात एका कामासाठी खारघरला गेले होते. काम झाल्यावर अवधूत म्हणाला, चला, आमच्या मुलींचं घर दाखवतो. मलाही उजवा रकाना डोळ्यांनी बघायचा होता. बेलपाड्यात जुन्या गावाला लागून एक बिल्डिंग आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर. मनात होतं की कोंबून ठेवल्या असतील, भिंतींना ओल असेल. आपल्याला तसंच वाटायला हवं असतं ना? घर नीटनेटकं होतं. फ्रिजवर कोणी काय खायचं याचा तक्ता. मणिपूरच्या दोघी भाताबरोबर कसली तरी झणझणीत चटणी करत होत्या, मलाही वाढली, डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सगळ्या हसल्या. त्यातली एक म्हणाली की ती विमानाने आली, तिच्या घरातलं पहिलं माणूस विमानात बसलेलं. हे सांगताना तिने पाठ ताठ केली. त्या पोरीला "विकत आणलेली" कसं म्हणायचं? मी आजवर म्हणत आलेय, ग्राउंडवर, मोठ्याने.

मग आतल्या खोलीतली रोशनी दिसली. झारखंडची, स्ट्रायकर. मांडीचा स्नायू फाटलाय. बाकीच्या दुपारच्या सरावाला निघाल्या, ही पलंगावर पाय लांब करून बसून राहिली. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, "दीदी, पैर ठीक हो जाएगा. लेकिन विंडो बंद होने से पहले नहीं होगा." आणि भिंतीकडे बघायला लागली. जिन्यात मी अवधूतला विचारलं. त्याने आडपडदा ठेवला नाही. "पुढच्या प्लॅनमध्ये नाहीये ती. तिचा उपचार आम्ही करून देऊ, तिकीट काढून देऊ. अनुया, मी वाईट माणूस नाही. पण मला या सीझनला जिंकायचंय."

माणूस वाईट नाही, हे खरंच. त्यामुळेच घरी आल्यावर मला बसवेना. कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट सोडून दिलं.

रंजिताला कळलंय. कुणीतरी सांगितलंच. ती सरावाला येते, सगळं करते, माझ्याशी बोलत नाही. काल मी म्हटलं, डाव्या बाजूने खेळ. खेळली. म्हटलं, आता पुढे ये. आली. एवढी आज्ञाधारक ती कधीच नव्हती. 

अनुया

पनवेल, २ सप्टेंबर

नोगा,

आपट्याला जाऊन आले. आधी तुला ते सांगते.

रंजिताच्या घरी तिचे वडील होते, रसायनीच्या कंपनीत आहेत, पाळी संपवून नुकतेच आले होते. चहा झाला. ते म्हणाले, "मॅडम, तुमी सांगाल तसा. आमाला फुटबॉलमधला काय कळतंय? पोरगी तुमच्या हवाली केली हाय." हे ऐकून एरवी मला बरं वाटलं असतं.

रंजिता उठून नदीकडे चालायला लागली, म्हणून मीही मागे गेले. पाताळगंगेला पाणी भरपूर होतं, काठाची पायवाट बुडालेली. एका जागी ती थांबली.

"मॅडम, तुमी नाय म्हनून सांगितलात. मला इचारलं पन नाय."

मी म्हटलं, अगं, तिथे पाच जणी बाहेरच्या, तुला बेंचवर बसवतील. एक पोरगी जायबंदी झाली तर तिला घरी पाठवतायत. रोशनीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते मला ठाव हाय. तिचा माझा फोन असतो."

नोगा, त्या दोघी बोलतात! ग्राउंडवर एकमेकींना लाथा मारतात आणि रात्री फोन करतात.

"कॉलेजला शिकाया मिळेल. आमच्या आयला कंपनीतली नोकरी नको हाय माझ्यासाठी. बेंचवर बसेन, तर बसेन. पन माझ्यापेक्षा चांगल्या पोरींसंगती सराव तर करीन. इथं मीच सगळ्यात चांगली हाय, मॅडम. मी कुनाकडून शिकू?"

हे ती गर्वाने म्हणाली नाही. जेवायला काय आहे विचारावं, तसं विचारलं. "माझ्याकडून" असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण म्हणाले नाही. तिला जे शिकवायचं होतं ते माझ्याकडचं संपत आलंय, हे मला गेल्या सीझनपासून दिसतंय.

मग तिने विचारलं, "तुमाला बोलावलं असतं, तर तुमी गेल्या असत्या?"

आता तुला सांगायलाच हवं. गेल्या पत्रात "एका कामासाठी खारघरला गेले" असं लिहिलं ना, ते काम हेच होतं. अवधूतने मला भेटायला बोलावलं होतं. मला वाटलं रंजितासाठी. पण त्याला मी हवी होते. त्यांची खालच्या वयोगटाची टीम काढायचीय, तिची हेड कोच. शाळेतली नोकरी सोडायची, पूर्ण वेळ फुटबॉल. टर्फ, लाइट, तीन असिस्टंट. तू आणि मी ज्याच्या नुसत्या गप्पा मारायचो ते सगळं. मी "विचार करते" म्हणून आले आणि अजून विचारच करतेय. तुला लिहिलं नाही, कारण तू "जा" म्हणाली असतीस. आशालताबाईंना सांगितलं नाही, कारण त्या "जाऊ नको" म्हणाल्या असत्या. दोन्ही ऐकायचं नव्हतं.

आणि रंजिताला एका मिनिटात नाही म्हणून टाकलं होतं.

तिला खरं सांगितलं. म्हटलं, मला बोलावलंय, आणि माझं ठरत नाहीये.

ती हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "म्हंजे तुमाला पन वाटतं जावंसं." आणि मग, "चला, पानी वाढतंय, पायवाट जाईल."

परतताना पुढे ती, मागे मी. चिखलात माझा पाय घसरला तर तिने मागे न बघता हात मागे केला.

विंडो बंद व्हायला थोडेच दिवस आहेत. मला एका जागी बसवत नाही.

अनुया

पनवेल, ९ सप्टेंबर

नोगा,

झालं एकदाचं. सांगते.

अवधूतच्या ऑफिसात मी, रंजिता आणि तिचे वडील. मी आधीच म्हटलं, आपलं दोघांचं आधी मिटवू, मी येत नाहीये. त्याचा चेहरा पडला. "का? तिकडे काय आहे तुला?"

उत्तर मला आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर सापडलं होतं. पाचवीतल्या एका पोरीला उड्या मारत येणारा बॉल पायाने थांबवता येत नव्हता. तो दर वेळी उडून जायचा, ती चिडायची. तासाच्या शेवटी एकदा थांबला. ती बॉलकडे बघत राहिली, बॉल कुणी चोरून आणून तिच्या पायाशी ठेवल्यासारखी. नोगा, मला हे बघायला आवडतं. हिलसाइडच्या खालच्या टीमलाही निवडलेल्याच पोरी येणार, बॉल थांबवता येणाऱ्या. तिथे माझं चांगलं चाललं असतं आणि मी कंटाळले असते. त्यात त्याग वगैरे काही नाही. अवधूतला एवढंच म्हटलं, "तुला तयार झालेली आवडते, मला तयार होताना आवडते. आपल्या क्लबांमधला फरक तेवढाच."

मग रंजिताचं. ना-हरकत देते म्हटलं, पण अटींवर. वडील गप्प, रंजिता गप्प, आणि मी बाजारात बसल्यासारखी भांडत होते. कॉलेजचा प्रवेश पूर्ण तीन वर्षांचा. ती टीममधून गेली तरी फी आणि हॉस्टेल चालू राहील. दुखापत झाली तर बरी होईपर्यंत इथेच उपचार, तिकीट काढून घरी नाही. खेळवलं नाही तर पुढच्या विंडोला तिच्या मर्जीने परत यायची मोकळीक. अवधूत म्हणाला, "असल्या अटी कुणी घालत नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडे कुणी घातल्या नाहीत." तो बराच वेळ फोन करत बाहेर फिरला. आत येऊन हो म्हणाला.

"आणि रोशनी मला दे," मी म्हटलं.

"ती खेळू शकत नाही आत्ता."

"माहीत आहे. तिला विचारून आलेय. नोव्हेंबरपर्यंत खेळेल."

तेव्हा रंजिता पहिल्यांदा बोलली. वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी जाते." विचारलं नाही. सांगितलं. ते म्हणाले, "जा." डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

आशालताबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्या. "उत्तम पोरगी दिलीस आणि लंगडी आणलीस? स्पॉन्सरला काय तोंड दाखवू?" मी टिपण पुढे केलं. रकाने काढून टाकले होते. सरळ लिहिलं होतं: आपण पोरी शिकवू. ज्यांना पुढे जायचंय त्यांना अटी घालून पाठवू. ज्यांना दुसऱ्यांनी सोडलंय त्यांना बघून घेऊ. फायनल जिंकू याची खात्री देता येत नाही.

"शेवटचं वाक्य खोड," त्या म्हणाल्या.

मी खोडलं नाही. स्पॉन्सरने वाचलं आणि एक वर्ष बघतो म्हणाला. तेवढ्यावर आहोत.

रोशनी सध्या आशालताबाईंकडेच राहते. "लंगडी" म्हणणाऱ्या त्याच, आणि सकाळी तिला शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी भरतात त्याही त्याच.

अनुया

पनवेल, १ डिसेंबर

नोगा,

काकांनी तुझा नंबर दिला. तू द्यायला सांगितलास म्हणाले. मी दोनदा विचारलं, तिनेच सांगितलं का? ते वैतागले. फोन नक्की करणार आहे, पण आज तोंडातून आवाज निघत नाहीये. का ते वाच.

काल फायनल झाली. परत आपण आणि हिलसाइड.

हाफटाइमच्या आधी आपला गोल. रोशनीने मारला, तिला सोडणाऱ्या क्लबविरुद्ध, आणि मारून ती अवधूतकडे गेली नाही, आशालताबाईंच्या खुर्चीकडे पळाली. बाई उभ्या राहायला गेल्या आणि खुर्ची मागे पडली.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांची टीम पुरती अडकली. आपल्या पोरींनी मधला भाग इतका बंद केला की बॉल तिथे जायचा आणि मरायचा. मी खूश असायला हवी होते. पण माझी नजर सारखी त्यांच्या बेंचवर. तिथे रंजिता बसली होती, पिवळं जाकीट घालून. अवधूतने एक बदली केली, दुसरी केली. ती नाही. ती वॉर्म-अपला उठायची, रेषेलगत पळायची, परत बसायची. मला दिसत होतं ना, त्यांना काय हवंय! बॉल पायाशी ठेवून मान वर करणारी एक पोरगी. ग्राउंडवर त्यांच्याकडे अशी एकही नव्हती, आणि जी होती ती बाटल्या भरत होती.

मी पाणी प्यायले. चालायला लागले. आपल्या बॅकला काहीतरी ओरडले. परत त्यांच्या बेंचकडे बघितलं. ती गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती. शेवटची दहा-एक मिनिटं राहिली होती. आणि नोगा, माझ्या तोंडून निघून गेलं, असं की अख्ख्या ग्राउंडने ऐकलं:

"अवधूत! तिला घाल ना! कुणासाठी राखून ठेवलीयस?"

 मग स्टँडमधले लोक हसायला लागले. रोशनी खेळता खेळता थांबून माझ्याकडे बघत राहिली. रेफ्री धावत आली, मला पिवळं कार्ड दाखवलं. मी तरीही ओरडत होते. काय ते आठवत नाही. आशालताबाईंनी माझा ड्रेस मागून ओढून धरला होता.

अवधूतने माझ्याकडे पाहिलं, मग बेंचकडे. आणि रंजिताने जाकीट काढलं.

दोन-तीन मिनिटं तिला काही मिळालं नाही. मग मिळालं. मान वर केली. आपल्या दोन पोरी तिच्यावर धावल्या, मीच शिकवलेल्या, बरोबर दोन बाजूंनी. तिने घाई केली नाही. त्यांच्या मधून बॉल सोडला, हळू, हव्या तेवढ्याच जोराने, आणि पलीकडे मणिपूरची ती विमानवाली पोरगी एकटी होती. गोल. एक-एक.

आपला बेंच मटकन खाली बसला. मी उभी होते आणि टाळ्या वाजवत होते. कळलं तरी थांबता आलं नाही.

टायब्रेकरमध्ये हरलो. आपल्या दोन किक बारवर गेल्या. पोरी रडल्या. रोशनी रडली नाही, पण माझ्याकडे येऊन म्हणाली, "दीदी, अगली बार चुप रहना." हे मला लागलं, आणि तिचं बरोबर होतं. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर. ती टीम माझी आहे, हरल्याचं दुःखही त्यांचं आहे, आणि ते मी ऐन वेळी विसरले. काही जणी अजून नीट बोलत नाहीयेत. दोन दिवस तरी बोलणार नाहीत.

आशालताबाई रिक्षात शेजारी बसल्या.  मग म्हणाल्या, "तू नक्की कुणाच्या बाजूने होतीस?" मला बोलता येत नव्हतं, घसा पार गेला होता. त्यांनी पर्समधून बाटली काढली. "राहू दे. आधी पाणी पी."

आज सकाळी शाळेत नुसत्या शिट्टीवर तास घेतला. घरी आले तर रंजिताचा फोन. मी उचलला, पण हॅलो म्हणता येईना. तिला वाटलं मी रागावलेय. ती घाईघाईने बोलायला लागली. की अवधूत सर नंतर तिला म्हणाले, पुढच्या मॅचला सुरुवातीपासून. की गोल झाल्यावर तिला आधी आनंद झाला आणि मग आपल्या पोरींची तोंडं दिसली. की फ्लॅटमधल्या मुली तिला चटणी शिकवतात आणि ती त्यांना तांदळाची भाकरी थापायला शिकवते, एकीचीही गोल होत नाही. की कॉलेजात इंग्रजीचे सर फार भरभर बोलतात, पण ती पहिल्या बाकावर बसते. की तिला कधी कधी रात्री नदीचा आवाज नसल्याने झोप येत नाही. एवढी वर्षं मी तिच्याशी बोलत आले, सूचना देत आले. ती एवढं बोलते हे मला माहीतच नव्हतं.

बोलता बोलता ती थबकली.

"मॅडम? हाय ना तुमी?"

मी फोनवर नखाने टकटक केलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे सांगायला लागली.

अनुया